घरातील पहिला पदवीधर

(पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासंबंधीच्या भाषणाचा मजकूर)



मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. १८६२ साली त्या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले तेव्हा त्यांची संख्या अवघी चार होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही त्यांपैकी दोन नावे. त्यानंतरच्या दीड शतकात विद्येचे हे दालन हळूहळू, परंतु निश्चितपणे, खेड्यापाड्यांच्या दिशेने उघडत गेले. नागपूरला १९२३ साली, पुण्यास १९४९ साली, मराठवाड्यात १९५८ साली, कोल्हापुरास १९६२ साली आणि अमरावतीस १९८३ साली विद्यापीठे स्थापन झाली. पुढे जळगाव, नांदेड व सोलापूर येथे विद्यापीठे आली आणि २०११ साली गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्यालाही गोंडवाना विद्यापीठाच्या रूपाने स्वतःचे विद्यापीठ मिळाले. महाविद्यालय आता तालुक्याच्या गावी आले आहे. सकाळच्या एस. टी. ने जाऊन दुपारच्या गाडीने परतणारा विद्यार्थी हे चित्र आज सर्वत्र दिसते.

या प्रगतीचा एक परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. ज्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा असंख्य घरांतील मुलगा किंवा मुलगी आज पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. त्या घराला आपल्या अपत्याचा अभिमान वाटतो. परंतु 'पुढे काय?' हा प्रश्न ज्याला विचारावा असे माणूस त्या घरात नसते. जेथे आईवडील, काका, मामा शिकलेले असतात, तेथे प्रवेश परीक्षेची तारीख, दाखल्याची मुदत, नोकरीच्या जाहिरातीचा अर्थ या गोष्टी जेवताजेवता मुलांच्या कानांवर पडतात. ही माहिती कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. ती घरात मुरलेली असते. पहिल्या पिढीच्या पदवीधराला बुद्धीचे वाण नसते. वाण असते ते वेळेवर सांगणाऱ्या माणसाचे. ते माणूस घरात नसेल तर ते महाविद्यालयात, शाळेत, चावडीवर आणि पंचायतीत मिळाले पाहिजे. हा सल्ला विद्यार्थ्यांसाठी असला तरी तो शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे ठेवण्याचे कारण हेच होय.

आजोबांच्या नावाची नोंद

शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याने अभ्यासाखालोखाल कशाकडे लक्ष द्यावयाचे असेल तर ते कागदपत्रांकडे. हा विषय रुक्ष आहे. परंतु गुण असूनही प्रवेश हुकला, निवड होऊनही नेमणूक अडली, अशा प्रसंगांच्या मुळाशी बहुधा एखादा न मिळालेला किंवा उशिरा मिळालेला कागद असतो.

यांत सर्वांत अधिक वेळ लागतो तो जात वैधता प्रमाणपत्रास. शासकीय नोकरी, व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश आणि राखीव जागेवरील निवडणूक या तिन्ही ठिकाणी केवळ जातीचा दाखला पुरत नाही; पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. विज्ञान शाखेतील जे विद्यार्थी बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राकडे वळतात त्यांना हे त्याच वेळी समजते. कला आणि वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्याला मात्र तीन वर्षे त्याची गरज भासत नाही. पदवीनंतर तो बी. एड्., विधी किंवा व्यवस्थापन या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी उभा राहतो तेव्हा हा कागद प्रथमच मागितला जातो आणि त्या वेळी हाती दिवस थोडे असतात.

या प्रमाणपत्रासाठी पूर्वजांचा पुरावा द्यावा लागतो. जात आणि वास्तव्य यांचा पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा असावा अशी अपेक्षा असते. म्हणजेच आज एकवीस वर्षांच्या असलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश त्याच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावाच्या एखाद्या ओळीवर अवलंबून असतो. ती ओळ कोठे सापडेल? आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत. ते गेले नसतील तर त्यांच्या भावाच्या किंवा चुलत्याच्या नावापुढे. तेथेही नसेल तर जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, म्हणजे गावात जिला कोतवाल बुक म्हणतात त्या वहीत, अथवा जमिनीच्या जुन्या अभिलेखांत. जे आजोबा कधी शाळेत गेले नाहीत त्यांच्या नातवाला शिक्षणासाठीच त्यांचा कागद शोधावा लागतो, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे या कामातील अडचण समजेल. भटक्या जमातींतील कुटुंबांची अडचण तर याहून मोठी. ज्यांचे गाव बदलत राहिले त्यांच्या नोंदी अनेक गावांत विखुरलेल्या असतात.

येथे प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाचे आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याचे साहाय्य निर्णायक ठरते. जुनी नोंदवही वाळवीपासून जपणे, तिचे पान न फाडता उतारा काढून देणे आणि मोडीतील नोंद असल्यास ती वाचणाऱ्याचे नाव सुचविणे ही कामे किरकोळ वाटतात, परंतु त्यांवर एका घराचे भवितव्य अवलंबून असू शकते. पंचायत सदस्यांपैकी जे राखीव प्रभागातून निवडून आले आहेत त्यांनी ही सारी वाट स्वतः चालून पाहिलेली आहे. कोणता पुरावा चालतो, कोणता परत येतो, समितीचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी कोठे आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. हा अनुभव गावातील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावयास हवा.

इतर कागदांबाबत थोडक्यात सांगता येईल. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना उन्नत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन-क्रिमिलेअर, प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जाती व जमातींना ते लागत नाही. हे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते. जाहिरातीत सांगितलेल्या दिनांकास ते चालू असले पाहिजे, केवळ कपाटात असून भागत नाही. शिवाय राज्याच्या सेवेसाठीचा नमुना आणि केंद्राच्या सेवेसाठीचा नमुना वेगवेगळा आहे. बँका व रेल्वे यांच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्याने केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र स्वतंत्रपणे काढून ठेवावे. वय, अधिवास व राष्ट्रीयत्व यांचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे आपले सरकार सेवा केंद्रातून मागता येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि मुदत टळल्यास अपिलाची तरतूद आहे. हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे, कारण ज्याला आपला हक्क ठाऊक नसतो त्याला मध्यस्थ गाठतो.

नावाचे शुद्धलेखन हीही अशीच एक बाब आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधार पत्रिकेवर दुसरे आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर तिसरे अशी स्थिती असेल तर ती शेवटचे वर्ष संपण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. विद्यार्थी महाविद्यालयात आहे तोपर्यंत दुरुस्तीचा अर्ज एका खिडकीवर देता येतो. तो बाहेर पडला की त्याच कामासाठी विद्यापीठाच्या खेपा सुरू होतात. दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागते, हेही पुष्कळांना प्रवेशाच्या दिवशीच समजते.

तीन वर्षे की चार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या रचनेत जो बदल झाला त्याची अंमलबजावणी महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. २०२४-२५ साली प्रथम वर्षात दाखल झालेली तुकडी २०२७ साली तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पोचते. त्या वेळी विद्यार्थ्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहतो. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडावे, की चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घ्यावी?

याचे उत्तर सर्वांना सारखे देता येणार नाही. तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवी आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, बँकांच्या परीक्षा आणि दोन वर्षांचा बी. एड्. अभ्यासक्रम यांसाठी ती पुरेशी आहे. 'चौथे वर्ष केले नाही तर पदवी अपुरी' हा समज चुकीचा असून तो पालकांच्या मनातून काढून टाकावयास हवा. दुसऱ्या बाजूस, ज्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे त्याच्या दृष्टीने तीन अधिक दोन आणि चार अधिक एक यांची बेरीज पाचच होते. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. ज्याचा ओढा संशोधनाकडे आहे आणि ज्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण आहेत, त्याने संशोधनासह ऑनर्सचा विचार अवश्य करावा. मात्र आपल्या महाविद्यालयात आपल्या विषयाचे चौथे वर्ष सुरू आहे काय, ही चौकशी आधी करावी. ते नसेल तर दुसऱ्या गावी राहण्याचा खर्च हिशेबात धरावा लागेल.

या रचनेत प्रत्येक सत्राचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा होतात. ही व्यवस्था २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने केली. पेढीत खाते उघडले आहे, पण त्यात श्रेयांक जमा झाले आहेत की नाहीत हे पाहिलेच नाही, असे होऊ नये. सहाव्या सत्रापूर्वी एकदा महाविद्यालयाच्या कार्यालयात बसून ही पडताळणी करून घ्यावी. एखाद्या विषयात एटीकेटी राहिली असेल तर तीही लपवू नये. शेवटच्या सत्रापर्यंत झाकून ठेवलेला एक विषय पुढे संपूर्ण वर्ष खातो.

परीक्षा आधी, निकाल मागाहून

पुढील शिक्षणाच्या बाबतीत पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे निकालाची वाट पाहणे. पूर्वी निकाल लागल्यावर गुणपत्रिका घेऊन प्रवेशास जाण्याची रीत होती आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात अजून तीच रीत आहे. आज ती उरलेली नाही. बी. एड्., तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, एम. बी. ए. व एम. सी. ए. यांच्यासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे प्रवेश परीक्षा घेतल्या जातात. केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून राष्ट्रीय पातळीवर सामाईक परीक्षा होते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील एम. एस्सी. साठी वेगळी परीक्षा आहे. या सर्वांचे अर्ज पदवीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून अर्ज करता येतो, हेच ज्याला ठाऊक नाही त्याचे एक वर्ष जाते. ते वर्ष त्याच्या आळसाने जात नाही. केवळ माहितीअभावी जाते.

महाविद्यालयाने पाचव्या सत्राच्या आरंभी एक तक्ता तयार करून तो सूचनाफलकावर लावावा. परीक्षेचे नाव, अर्जाचा काळ, लागणारे दाखले आणि शुल्क एवढे चार रकाने पुरेत. दरवर्षी तारखा बदलतात. म्हणून ज्या अध्यापकाकडे हे काम असेल त्याने अधिकृत सूचना पाहूनच ते रकाने भरावेत. कोणत्याही संस्थेत शुल्क भरण्यापूर्वी ती मान्यताप्राप्त आहे काय हेही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. ती यादी पाहण्यास पाच मिनिटे लागतात. न पाहिल्यास काही वर्षे व्यर्थ जातात.

आशा आणि हिशेब

आता एका नाजूक विषयाकडे वळणे आवश्यक आहे. ग्रामीण भागातील पदवीधराच्या डोळ्यांपुढे सर्वांत मोठे स्वप्न असते ते स्पर्धा परीक्षेचे. त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याची, शेतमजुराची मुले या मार्गाने तहसीलदार झाली, पोलीस उपअधीक्षक झाली. त्यामुळे प्रशासनाला मातीची ओळख असलेली माणसे मिळाली. आयोगाची परीक्षा ओळखदेख पाहत नाही, हा विश्वास या स्वप्नाच्या मुळाशी आहे आणि तो मौल्यवान आहे.

परंतु स्वप्नाला हिशेबाची जोड हवी. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले आणि अखेरीस १,०१६ जणांची शिफारस झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील तलाठी भरतीसाठी साडेचार हजारांवर पदे होती आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. हे आकडे कोणास नाउमेद करण्यासाठी नाहीत. प्रयत्न करणाऱ्याने आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे डोळे उघडे ठेवून पाहावे, एवढाच त्यांचा अर्थ.

राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ वर्षे आहे. विद्यार्थी एकविसाव्या वर्षी पदवीधर होतो असे धरले तर कायदा त्याला सतरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ प्रयत्न करू देतो. घर मात्र एवढी वाट पाहू शकत नाही. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकेचे भाडे, खानावळीचा महिना, खोलीचा वाटा हा पैसा गावाकडे सोयाबीन किंवा कापूस विकून आलेला असतो. कधी तो धाकट्या बहिणीच्या शिक्षणातून वळविलेला असतो. तयारीच्या पहिल्या दिवशीच विद्यार्थ्याने आणि पालकांनी एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, पूर्णवेळ तयारी किती वर्षे करावयाची? दुसरी, ती मुदत संपल्यावर कोणते काम हाती घ्यावयाचे? नोकरी करीत असतानाही परीक्षा देता येते, हे पुष्कळ यशस्वी उमेदवारांनी दाखवून दिले आहे. म्हणून दुसरी वाट शोधणे म्हणजे हार मानणे नव्हे. उलट, जवळ दुसरी वाट असलेला उमेदवार परीक्षागृहात अधिक शांत मनाने बसतो.

तयारीसाठी सर्वांनीच पुण्यास जावे असेही नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था प्रशिक्षणाचे उपक्रम राबवितात. त्यांची निवड परीक्षा आणि अर्जाची मुदत ही माहिती वेळेवर गावात पोचणे हेच काय ते महत्त्वाचे. आयोगाच्या पूर्व परीक्षेस शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यालाही बसता येते, मात्र पदवीचा पुरावा पुढील टप्प्यावर विहित दिनांकापर्यंत द्यावा लागतो. अन्य अनेक भरतींत मात्र अर्जाच्या अंतिम दिनांकास पदवी हाती असावी लागते. जाहिरातीतील हा एक परिच्छेद नीट वाचण्यास शिकविणे हेही अध्यापनच होय. पैसे घेऊन नोकरी लावून देतो असे म्हणणारा मनुष्य गावात आला तर त्याला थारा देऊ नये. अशा व्यवहारात पैसा जातो, वेळ जातो आणि पुढे चारित्र्य पडताळणीत अडचण येते ती वेगळीच.

अपयशाचा एक दिवस प्रत्येकाच्या वाट्यास येतो. त्या दिवशी घरातल्यांनी आणि गावकऱ्यांनी 'निकालाचे काय झाले?' असे चारचौघांत विचारू नये. मुलगा बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, तर ती गोष्ट अंगावरून जाऊ देऊ नये. टेली-मानस ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते आणि त्यास पैसे पडत नाहीत. हा क्रमांक महाविद्यालयाच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असावा.

कामातून शिक्षण

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. कमवा आणि शिका हे त्या महाविद्यालयाचे तत्त्व होते. विद्यार्थ्याने हातात कुदळ घेतली तर त्याच्या विद्येला कमीपणा येत नाही, हा विचार त्यांनी महाराष्ट्राला दिला. आज हीच योजना अनेक महाविद्यालयांत चालू आहे. तिच्याकडे केवळ गरिबाच्या पोटाची सोय म्हणून पाहू नये. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात दोन वर्षे काम केलेला विद्यार्थी पुढे मुलाखतीस बसतो तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असते.

पदवीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी शिकाऊ उमेदवारी हा एक चांगला मार्ग आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा. परंतु २०१४ च्या सुधारणेने अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखेतील पदवीधर त्यानुसार उद्योगांत, बँकांत आणि कार्यालयांत विद्यावेतनावर प्रशिक्षण घेऊ शकतात. मुंबईस कार्यालय असलेले पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ हे काम पाहते. या योजनेचा लाभ पदवी मिळाल्यावर ठरावीक वर्षांच्या आतच घेता येतो, म्हणून ती पुढे ढकलू नये. राज्य शासनानेही २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू करून पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतनावर कामाचा अनुभव देण्याचा उपक्रम हाती घेतला. मात्र असे प्रशिक्षण म्हणजे कायम नेमणूक नव्हे, हे उमेदवारास पहिल्याच दिवशी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पूर्वी ज्याला सेवायोजन कार्यालय म्हणत, ते आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र या नावाने काम करते. तेथे नोंदणी केली की नोकरी मिळते असे नाही. परंतु मेळावे आणि योजना यांची वार्ता तेथून मिळते. स्वतःचा उद्योग करू इच्छिणाऱ्यांसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहेच.

लेकीची पदवी

पदवीच्या वर्गात आज मुलींची संख्या लक्षणीय आहे. परंतु परीक्षा संपते तो उन्हाळा, आणि तेच लग्नसराईचे दिवस. पुष्कळ ठिकाणी शेवटचा पेपर आणि साखरपुडा यांत पंधरवड्याचेही अंतर राहत नाही. मुलीच्या निर्णयाला तेवढी तरी सवड मिळावी, याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलण्याचे काम शिक्षिका आणि महिला पंचायत सदस्या जितक्या सहजपणे करू शकतील तितके दुसरे कोणी करू शकणार नाही. त्यांच्या शब्दाला बळ देणारी एक गोष्ट आता उपलब्ध आहे. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांतील, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्यात आले आहे. 'पुढच्या शिक्षणाला पैसा कोठून आणावा?' या प्रश्नाला यामुळे पुष्कळ अंशी उत्तर मिळते.

मुलीच्या कागदपत्रांकडे तर अधिकच लक्ष हवे. विवाहानंतरही तिच्या जातीचा पुरावा वडिलांच्या बाजूचाच ग्राह्य धरला जातो. माहेर सुटल्यावर आजोबांची नोंद शोधण्यासाठी परत येणे तिला सोपे नसते, म्हणून वैधता प्रमाणपत्र लग्नापूर्वीच काढून तिच्या हाती द्यावे. विवाहाची नोंदणी करून घ्यावी आणि नाव बदलणार असल्यास राजपत्रात तशी प्रसिद्धी द्यावी. पदवीवरील नाव बदललेच पाहिजे असा कोठेही नियम नाही, हेही तिला ठाऊक असावे.

गावाने काय करावे?

या सर्व गोष्टींसाठी नवी योजना किंवा नवे अनुदान लागत नाही. ग्रामपंचायतीने दरवर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी गावातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी करावी. बहुतेक गावांत ती नावे एका वहीच्या पानावर मावतील. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: लागणारे दाखले आहेत काय, पुढील प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला काय, आणि पदवीनंतर काय करण्याचा मानस आहे. ही यादी सभेत वाचून दाखविण्याची गरज नाही. विद्यार्थ्याला बोलावून किंवा त्याच्या घरी जाऊन विचारावे. जेथे दाखला अडला असेल तेथे एका सदस्याने त्याच्याबरोबर तहसील कार्यालयात जावे. १५ ऑगस्टच्या सुमारास, निकाल लागल्यानंतर, तीच यादी पुन्हा उघडून पाहावी.

ज्या गावात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ अन्वये मान्यता असलेले ग्रंथालय आहे, तेथे संध्याकाळी दिवा आणि चार बाके एवढी सोय अभ्यासासाठी पुरेशी आहे. शहरातील अभ्यासिकेचे भाडे वाचले तर ते एखाद्या घराचे दोन महिन्यांचे धान्य होते. गावातील निवृत्त शिक्षक, सैन्यातून परतलेला जवान, बँकेत काम करणारा तरुण यांना महिन्यातून एक संध्याकाळ तेथे बोलवावे. आपण कोणत्या वाटेने गेलो, कोठे अडखळलो, एवढे त्यांनी सांगितले तरी पुष्कळ होईल.

१८६२ साली चार पदवीधर बाहेर पडले तेव्हा सारे शहर त्यांना ओळखत असले पाहिजे. आज एकेका तालुक्यातून दरवर्षी शेकडो पदवीधर बाहेर पडतात आणि त्यांपैकी पुष्कळांना पदवीदान समारंभानंतर कोणी 'आता काय करतोस?' असे आस्थेने विचारतही नाही. ज्या घरात पदवी प्रथमच आली, तेथे पुढच्या भावंडांना सांगणारे माणूस यापुढे घरातच असेल. पण त्या पहिल्याला कोणीतरी बाहेरून सांगावे लागते. तेवढे काम शिक्षकाने, अधिकाऱ्याने आणि पंचायत सदस्याने आपले मानले, तर एका पदवीधराचे वर्ष वाचेल आणि त्याच्या मागून येणाऱ्यांची वाट सुकर होईल.